लॉगच्या ओळीला तिचा पत्ता द्या: केयुनिट टेस्टमध्ये बदलता प्रिफिक्स

दर रविवारी दादरच्या एका अभ्यासिकेत आम्ही सात-आठ जण कर्नलचं काम शिकायला जमतो. पावसाळ्यातल्या एका रविवारी गटातल्या एका मुलीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. तिची टेस्ट नापास होत होती आणि लॉगमधून गाळून काढलेल्या तीन ओळी पडद्यावर होत्या:

# पट_टेस्ट: उत्तर चुकलं
# पट_टेस्ट: उत्तर चुकलं
# पट_टेस्ट: उत्तर चुकलं

"ताई, यातली कुठली कोणाची?" तिनं विचारलं. टेस्ट सहा आकड्यांवर चालत होती, त्यातले तीन चुकत होते. कोणते तीन, ते त्या ओळी सांगत नव्हत्या. हा लेख तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या नव्यानं आलेल्यांसाठी आहे. सी भाषा बऱ्यापैकी येते, लिनक्सवर टर्मिनल वापरता येतं, पण कर्नलच्या टेस्टला अजून हात लावलेला नाही, असा वाचक मी समोर धरला आहे.

फंक्शनांची आणि मॅक्रोंची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत लिहा, अंडरस्कोर आणि चिन्हं जिथल्या तिथे ठेवा. मॅक्रोंची नावं बहुतेक मोठ्या लिपीत असतात, तेवढं मूळ फाइलीत बघून घ्या.

आधी प्रिफिक्स म्हणजे काय ते नीट समजून घेऊ

व्याकरणात आपण उपसर्ग शिकलो: आहार, विहार, प्रहार, संहार. तिथे पुढे लागलेलं अक्षर शब्दाचा अर्थच बदलून टाकतं. लॉगमधला प्रिफिक्स, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला लागणारा तुकडा, तसा नाही. तो संदेशाच्या अर्थाला हात लावत नाही, फक्त बोलणारा कोण ते सांगतो.

त्याचे दोन प्रकार आहेत. लोकलच्या डब्यावर रंगवलेला नंबर बघा. तो कारखान्यातून येतो आणि गाडी कुठेही गेली तरी तोच राहतो. मोटरमनच्या डोक्यावरची पाटी मात्र दर फेरीला बदलते: सकाळी कल्याण, दुपारी कर्जत, रात्री कसारा. फलाटावर उभा असलेला माणूस रंगवलेला नंबर वाचत नाही, पाटी वाचतो. कंपाइल होतानाच ठरलेला प्रिफिक्स म्हणजे तो रंगवलेला नंबर, आणि टेस्ट चालताना त्या-त्या फेरीप्रमाणे लागणारा प्रिफिक्स म्हणजे ती पाटी. आपल्याला पाटी लावायची आहे.

पायरी पहिली: टेस्ट चालवून बघा

केयुनिट ही कर्नलच्या आतच असलेली युनिट टेस्टची चौकट. ती लिनक्स ५.५ मध्ये आली, आणि ५.५ प्रसिद्ध झालं २६ जानेवारी २०२० रोजी. तिची मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी की वेगळं यंत्र लागत नाही. 'यूजर मोड लिनक्स' या प्रकारात कर्नल तुमच्याच लॅपटॉपवर एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. ज्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप आणि घरात एक टेबल एवढंच आहे, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

कर्नलचा सोर्स पूर्ण इतिहासासकट उतरवू नका, तो काही जीबी भरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर 'गिट क्लोन'ला 'डेप्थ १' हा पर्याय द्या, म्हणजे फक्त ताजी अवस्था उतरते. जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन आणि पायथन ३ आधी बसवून घ्या. मग सोर्सच्या मुळाशी उभं राहून टूल्स, टेस्टिंग, केयुनिट या फोल्डरांच्या वाटेनं केयुनिट डॉट पाय ही स्क्रिप्ट 'रन' या शब्दासह चालवा. पहिलं बांधकाम वेळ खातं, चहा करून घ्या. पुढच्या वेळी बदललेल्या फाइलीच बांधल्या जातात.

इथे नवे लोक हमखास अडखळतात. टेस्टमध्ये संदेश छापायची ओळ लिहितात, टेस्ट पास होते, आणि संदेश कुठेच दिसत नाही! तुमची चूक नसते. पास झालेल्या टेस्टचा लॉग ही स्क्रिप्ट दाखवतच नाही, फक्त नापासांचा दाखवते. सगळं बघायचं असेल तर 'रॉ_आउटपुट' हा पर्याय द्या, किंवा 'डॉट केयुनिट' फोल्डरमधली टेस्ट डॉट लॉग ही फाइल उघडा. प्रिफिक्सवर काम करताना मी ती फाइल कायम शेजारी उघडी ठेवते.

पायरी दुसरी: एक छोटी टेस्ट

आमच्या मुलीची टेस्टच घेऊ. दिलेली लांबी आठच्या पुढच्या पटीत नेणारं फंक्शन तिनं सरावासाठी लिहिलं होतं: ७ दिले तर ८, ९ दिले तर १६, आणि आधीच पटीत असेल तर तीच लांबी परत. कर्नलमध्ये या कामाला तयार मॅक्रो आहेत, पण शिकताना स्वतः लिहिलेलं बरं.

एकच टेस्ट अनेक आकड्यांवर चालवण्याची सोय, म्हणजे पॅरामीटराइज्ड टेस्ट, फेब्रुवारी २०२१ मधल्या ५.११ पासून आहे. आकड्यांचा एक अॅरे करायचा: ०, १, ७, ८, ९, ४०९६. तो 'केयुनिट_अॅरे_पॅरम' या मॅक्रोला द्यायचा, आणि यादीत टेस्ट नोंदवताना 'केयुनिट_केस'ऐवजी 'केयुनिट_केस_पॅरम' लिहायचं. प्रत्येक फेरीचं मूल्य टेस्टच्या आत 'टेस्ट->पॅरम_व्हॅल्यू'मध्ये मिळतं.

आता संदेशाकडे या. 'केयुनिट_इन्फो' हा मॅक्रो प्रत्येक ओळीपुढे # आणि टेस्टचं नाव आपणहून लावतो. हाही चालताना लागणारा प्रिफिक्सच आहे, पण अपुरा. सहाही फेऱ्यांना टेस्टचं नाव एकच आहे, म्हणून सहाही ओळी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. अपेक्षा तपासणारा 'केयुनिट_एक्स्पेक्ट_ईक्यू' नापास झाला की दोन्ही बाजूंचे आकडे छापतो, पण तेही पुरत नाहीत. १, ७ आणि ८ या तिघांचंही बरोबर उत्तर ८ आहे. "८ हवे होते, १६ मिळाले" एवढ्यावरून मूळ आकडा ओळखता येत नाही.

प्रत्येक फेरीच्या शेवटी केयुनिट त्या फेरीचं वर्णन असलेली निकालाची ओळ छापतो, म्हणून अखंड लॉग वरून खाली वाचला तर पत्ता लागतो हे खरं. पण लॉग अखंड वाचतो कोण? आपण ग्रेप करतो, चार ओळी कापून दुसऱ्याला पाठवतो. कापलेली ओळ एकटी पडली तरी तिला आपलं नाव सांगता आलं पाहिजे.

पायरी तिसरी: पीआर_एफएमटी, आणि तो इथे का चालत नाही

कर्नलचे जुने जाणते लगेच सांगतील, "पीआर_एफएमटी वापर." तो माहीत हवाच. फाइलीच्या अगदी वर, सगळ्या इन्क्लूडच्या आधी, असं लिहितात:

#डिफाइन पीआर_एफएमटी(एफएमटी) केबिल्ड_मॉडनेम ": " एफएमटी

मग त्या फाइलीतल्या 'पीआर_इन्फो', 'पीआर_एर' अशा संदेश छापणाऱ्या प्रत्येक मॅक्रोच्या ओळीपुढे मॉड्यूलचं नाव लागतं. इन्क्लूडच्या खाली लिहिलंत तर हेडरनं तोवर स्वतःची कोरी व्याख्या करून टाकलेली असते आणि कंपायलर 'पुन्हा व्याख्या केली' म्हणून तक्रार करतो.

यातच एक सुंदर युक्ती दडलेली आहे. मॅक्रोच्या उत्तरात स्वल्पविराम चालतो:

#डिफाइन पीआर_एफएमटी(एफएमटी) "%एस: " एफएमटी, __फंक__

म्हणजे फॉरमॅटच्या पुढे एक जागा वाढवली आणि ती भरणारा घटक स्वल्पविरामानंतर दिला. आता प्रत्येक ओळीपुढे त्या-त्या फंक्शनचं नाव येतं. पुढच्या पायरीत आपण हीच युक्ती वापरणार आहोत.

तरी आपलं काम यानं होत नाही, कारण 'केयुनिट_इन्फो' हा पीआर_एफएमटीला विचारतच नाही. तो थेट 'प्रिंटके'ला, म्हणजे कर्नलच्या छापणाऱ्या मूळ फंक्शनला, हाक मारतो. पीआर_एफएमटी बदलून टेस्टच्या ओळी का बदलत नाहीत म्हणून एका मुलानं आमच्याकडे अख्खी दुपार घालवली होती. तुमची वाचो.

पायरी चौथी: स्वतःचा मॅक्रो

फेरीची ओळख सांगणाऱ्या तुकड्याला मी 'खूण' म्हणते. ती ठेवायला केयुनिटनं जागा दिलेली आहे: 'टेस्ट->प्रिव्ह' हा पॉइंटर, जो सर्वस्वी तुमचा. त्यात एक छोटं स्ट्रक्चर ठेवा, आणि स्ट्रक्चरमध्ये ६४ अक्षरांचा अॅरे. जागा मागताना 'केयुनिट_केझेडअलॉक' वापरा. ती टेस्टच्या नावावर नोंदली जाते आणि फेरी संपली की आपोआप परत जाते.

टेस्टच्या शरीरातली पहिली कामाची ओळ खूण भरण्याची असू द्या ('संदर्भ' हा त्या स्ट्रक्चरचा पॉइंटर, 'लांबी' हा फेरीच्या मूल्याचा):

एससीएनप्रिंटएफ(संदर्भ->खूण, साइजऑफ(संदर्भ->खूण), "लांबी=%झेडयू", *लांबी);

सूटच्या, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या टेस्टच्या गटाच्या, 'इनिट' फंक्शनमध्ये खूण भरण्याचा मोह होईल, कारण ते प्रत्येक फेरीआधी चालतं. पण इनिट सूटमधल्या सगळ्या टेस्टसाठी एकच असतं. एका टेस्टचं पॅरामीटर आकडा असेल, दुसऱ्याचं स्ट्रक्चर, आणि साध्या टेस्टला ते नसतंच, तिथे नल मिळतो. म्हणून इनिटमध्ये फक्त जागा घ्या, खूण टेस्टमध्येच भरा.

'एसएनप्रिंटएफ' न घेता 'एससीएनप्रिंटएफ' का घेतलं? खूण दोन-तीन तुकड्यांत जोडत जाल तेव्हा परत आलेल्या आकड्याइतकं पुढे सरकून पुढचा तुकडा लिहाल. पहिलं फंक्शन 'जागा असती तर किती अक्षरं लिहिली असती' ते सांगतं, दुसरं खरोखर किती लिहिली ते. पहिल्यावर विसंबलात आणि खूण लांबली, तर तुम्ही अॅरेच्या बाहेर लिहायला लागता.

आता मॅक्रो:

#डिफाइन खूण_इन्फो(टेस्ट, एफएमटी, ...) \
    केयुनिट_इन्फो(टेस्ट, "[%एस] " एफएमटी, खूण_दे(टेस्ट), ##__व्हीए_आर्ग्ज__)

शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन स्ट्रिंग कंपायलर जोडून एक करतो, त्यावर हे चालतं. म्हणून 'एफएमटी'च्या जागी अवतरणातली स्ट्रिंगच हवी, व्हेरिएबल चालणार नाही. शेवटचे दोन हॅश पुढे काही घटकच नसतील तर उरलेला स्वल्पविराम गिळतात. ते विसरलात तर साधा संदेशही कंपाइल होत नाही. 'खूण_दे' हे तुमचं छोटं फंक्शन: प्रिव्ह नल असेल तर "-" परत करायचं, नाहीतर खूण.

असाच दुसरा मॅक्रो 'केयुनिट_एक्स्पेक्ट_ईक्यू_एमएसजी'वर बांधा, म्हणजे नापास झालेल्या ओळीबरोबरही खूण छापली जाईल. हा दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. माहितीच्या ओळी लोक सोडून देतात, नापासाची ओळ मात्र प्रत्येक जण वाचतो.

आमच्या मुलीनं हे केलं, टेस्ट चालवली, आणि नापासाच्या तीन ओळी अशा आल्या:

# पट_टेस्ट: [लांबी=०] उत्तर चुकलं
# पट_टेस्ट: [लांबी=८] उत्तर चुकलं
# पट_टेस्ट: [लांबी=४०९६] उत्तर चुकलं

ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "हे सगळे आठच्या पटीतलेच आहेत की!" बरोबर. खालचे तीन बिट पुसण्याआधी ७ मिळवायला हवे होते, तिनं ८ मिळवले होते. १, ७ आणि ९ या चुकीतून सुटत होते, पटीतले आकडे तेवढे एक पायरी पुढे उडत होते. दुरुस्तीला एक अक्षर पुरलं.

पायरी पाचवी: मॅक्रो पुरत नाही तेव्हा

टेस्ट वाढल्या की वाटतं, मॅक्रोऐवजी खरंखुरं फंक्शन हवं, जे संदेश घेईल, आधी काही तपासेल आणि मग खूण लावून छापेल. इथे स्ट्रिंग जोडण्याची युक्ती थांबते, कारण फंक्शनच्या आत फॉरमॅट हा नुसता पॉइंटर असतो.

पुष्कळ जण मग दोन वेळा छापतात: आधी खूण, मग संदेश. असं करू नका. दोन प्रिंटकेंच्या मध्ये दुसरा सीपीयू आपली ओळ घुसवू शकतो, आणि मग तुमची खूण परक्या संदेशाला चिकटते. चुकीचा पत्ता असलेली ओळ ही पत्ता नसलेल्या ओळीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो. खूण आणि संदेश एकाच हाकेत गेले पाहिजेत.

कर्नलनं यासाठी 'व्हीए_फॉरमॅट' नावाचं स्ट्रक्चर आणि %पीव्ही हे चिन्ह दिलं आहे. स्ट्रक्चरमध्ये दोनच गोष्टी: फॉरमॅट आणि घटकांच्या यादीचा पत्ता. तुमच्या फंक्शनमध्ये 'व्हीए_स्टार्ट' करायचं, 'व्हीएएफ' नावाच्या त्या स्ट्रक्चरमध्ये दोन्ही भरायचे, आणि मग:

केयुनिट_इन्फो(टेस्ट, "[%एस] %पीव्ही", खूण_दे(टेस्ट), &व्हीएएफ);

शेवटी 'व्हीए_एंड'. प्रिंटके स्वतःच %पीव्हीच्या जागी आतला संदेश उलगडतो. एक्स्टी४ फाइलसिस्टिमच्या संदेशांत कंसात डिस्कचं नाव येतं ते तुम्ही बूटच्या वेळी पाहिलं असेल. ते याच पद्धतीनं लागतं. फाइलसिस्टिमच्या सोर्समधलं '__एक्स्टी४_एमएसजी' हे फंक्शन उघडून वाचा, जेमतेम काही ओळींचं आहे.

फंक्शनच्या घोषणेवर '__प्रिंटएफ(२, ३)' हा शेरा लावायला विसरू नका. दुसरा घटक फॉरमॅट आहे आणि तिसऱ्यापासून मूल्यं आहेत, असं तो कंपायलरला सांगतो. शेरा नसेल तर आकड्याच्या जागी स्ट्रिंग दिलीत तरी कंपायलर गप्प बसतो.

इथेच आणखी एक धोका सांगून ठेवते. 'केयुनिट_इन्फो' आतून संदेश दोनदा हाताळतो: एकदा प्रिंटकेला देतो आणि एकदा टेस्टच्या स्वतःच्या लॉगमध्ये जोडतो. तो मॅक्रो असल्यानं तुम्ही दिलेले घटक दोनदा मोजले जातात. तिथे 'आय++' लिहिलंत तर आय दोननं वाढेल. लॉगच्या ओळीत कधीही स्थिती बदलणारं काही लिहू नका. %पीव्हीला यानं इजा होत नाही, कारण उलगडताना कर्नल यादीची प्रत काढून घेतो.

पायरी सहावी: ज्या कोडची टेस्ट आहे, त्याचे संदेश

तुमच्या टेस्टच्या ओळींना खूण लागली, पण तपासल्या जाणाऱ्या कोडमधले 'पीआर_डिबग' अजून उघडेच आहेत. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये डायनॅमिक डिबग आहे. ते कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बांधतानाच्या पर्यायांत, चालू करा आणि त्याच्या 'कंट्रोल' फाइलीत, फाइलीचं नाव देऊन, अधिक चिन्हापुढे झेंड्यांची अक्षरं लिहा. पी म्हणजे छापा, एम म्हणजे मॉड्यूल, एफ म्हणजे फंक्शन, एल म्हणजे ओळ क्रमांक, टी म्हणजे थ्रेड. कोडला हातही न लावता चालत्या कर्नलमध्ये प्रिफिक्स लागतो. फक्त हे डिबगच्या ओळींपुरतं आहे, 'पीआर_इन्फो'ला ते लागू नाही. सगळ्याच ओळींना कोणत्या थ्रेडनं छापलं ते हवं असेल तर कॉन्फिगमध्ये 'प्रिंटके_कॉलर' चालू करा.

तपासल्या जाणाऱ्या कोडच्या जागी बसवलेल्या तुमच्या नकली फंक्शनला खूण हवी असेल, तर 'केयुनिट_गेट_करंट_टेस्ट' चालू टेस्टचा पॉइंटर देतो. पण तो चालू थ्रेडवरून शोधतो. कोडनं काम वर्कक्यूला, म्हणजे मागाहून करायच्या कामांच्या रांगेला, सोपवलं की ते दुसऱ्या थ्रेडमध्ये चालतं, आणि तिथे हा पॉइंटर नल मिळतो. तेव्हा कामाच्या स्ट्रक्चरमध्येच खूण घालून पाठवा, आणि नल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खुणेत काय घालायचं

लांबी, फाइलसिस्टिमचं नाव, फेरीचा क्रमांक असं, जे टेस्ट पुन्हा चालवली तरी तसंच येईल. मेमरीचा पत्ता घालू नका. कर्नल ४.१५ पासून %पी खरा पत्ता न छापता त्याचा गुंतवलेला आकडा छापतो, आणि तो दर बूटला बदलतो. वेळही घालू नका, ती प्रिंटके हवी तर लावतोच. कालचा आणि आजचा लॉग डिफला दिल्यावर फक्त खरा फरक उठून दिसला पाहिजे. खूण लहान ठेवा. ६४ अक्षरं भरायला लागली तर त्यातली निम्मी बहुधा संदेशात जायला हवीत.

आणि सुरुवातीचा # हलवू नका. केयुनिटचा निकाल केटॅप या ठरलेल्या रूपात येतो. त्यात # नं सुरू होणारी ओळ टिपण असते, आणि 'ओके' किंवा 'नॉट ओके'नं सुरू होऊन पुढे क्रमांक असलेली ओळ म्हणजे निकाल. थेट प्रिंटके वापरून "ओके १" अशी ओळ छापलीत तर स्क्रिप्ट ती निकाल समजेल आणि तुमची मोजणी बिघडेल.

पॅच पाठवताना

बदल दुसऱ्याच्या टेस्टमध्ये केला असेल तर आधी चेकपॅच ही कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट चालवा, मग गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट पॅच कोणाला पाठवायचा ते सांगेल. कमिटच्या संदेशात आधीची एक ओळ आणि नंतरची एक ओळ, दोन्ही खऱ्या लॉगमधून उचलून लावा. तपासणाऱ्याला तेवढ्या दोन ओळींत तुमचा हेतू कळतो. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि पुढे तुमचं नाव. आमच्या मुलीनं तिचं नाव तिथे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा अभ्यासिका बंद व्हायची वेळ झाली होती, तरी ते नीट लिहिलंय ना, म्हणून तिनं ते तीनदा वाचलं.